तपासणाऱ्याचं नाव

कुकरची दुसरी शिट्टी झाली तशी विनताताईंनी गॅस बारीक केला. "हो रे, ऐकलं," त्या कुकरला म्हणाल्या. एकटीच्या वरणभाताला कुकर लावायचा म्हणजे घासण्याचाच ताप जास्त. पण शिट्टी झाली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. आई गेल्यापासून घरात मराठी बोलायला तेवढाच उरला होता. बाकी जबलपुरात दूधवाला, भाजीवाली, शेजारच्या तिवारी भाभी, सगळ्यांशी हिंदीच.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणजे श्रीकांत.

श्रीकांत मागच्या गल्लीतला. विनताताई ज्या कॉलेजात मराठी शिकवत, तिथेच तो कॉम्प्युटर शिकवायचा. अभ्यासक्रमांचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, तुमचं एकटीचं लाल दाखवून राहिलं. बाकी सगळ्यांचं हिरवं झालं. सकाळी सकाळी प्रिन्सिपल साहेबांनी मला झापलं."

"आत तर ये."

"क्लास आहे. आज संध्याकाळी सगळं बंद होणार, मग यंदा प्रवेशाच्या वेळी मुलांना मराठी विषय दिसणारच नाही. ती सिहोऱ्याहून बसने येते ना तुमच्या वर्गातली ऋचा, ती काय घेईल मग?"

नवी पद्धत साधी होती. एकाने अभ्यासक्रम भरायचा, दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा, की विषय हिरवा. अडचण इतकीच, की मराठी विभागात दुसरं कुणी नव्हतं. रत्नाकर सर होते तोवर एकेका कवितेवरून दोघांची जुंपायची. सर पेन्सिलीने काट मारायचे, ताई ती खोडरबराने पुसायच्या, आणि शेवटी चहा मात्र सरच मागवायचे. सर निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे गेले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. तेव्हापासून कागदावर दोन्ही सह्या ताईंच्याच. एक निळ्या पेनाने, दुसरी काळ्याने. लांबून दोन माणसं असल्यासारखं दिसायचं.

सॉफ्टवेअर आलं तेव्हा स्टाफरूममध्ये जो तो बोटं मोडत होता. हिंदीच्या दोघांनी समोसे खात खात, न वाचताच एकमेकांचं मंजूर करून टाकलं. सगळ्या कॉलेजात आनंद झाला असेल तर एकट्या विनताताईंना. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचणार, असं ते यंत्रच म्हणत होतं. उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी त्यातच घातली. एक नवा भागही घातला: मुलांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायचं. जबलपूरच्या घराघरांतली मराठी. तो का घातला, हेही त्यांनी सविस्तर लिहिलं. आणि तपासणारा निवडायच्या जागी जी नावं खाली उघडली, त्यांत रत्नाकर सरांचं नाव दिसल्यावर त्यांनी तेच निवडलं. तेव्हापासून रोज चहाबरोबर त्या मोबाईल उघडून पाहत होत्या.

"मॅडम, तुम्ही काहून रत्नाकर सरांचं नाव टाकलं? ते तर केव्हाचे रिटायर झाले. त्यांचं खातं बंद आहे."

"नाव दिसलं तिथे."

"ती माझी चूक. काढायचं राहिलं." श्रीकांत ओशाळला. "पण मला विचारायचं ना! हिंदीच्या दुबेजींचं टाकून दिलं असतं."

"दुबेजींना मराठी येते?"

"बटन तर दाबता येतं ना!"

ताईंना हसू आलं. श्रीकांतही हसला आणि त्याने खिशातून मोबाईल काढला. "अच्छा, सोडा. दुसऱ्या विभागाचा माणूस चालतो, नियमात आहे. मीच माझं नाव टाकून राहिलो. दोन मिनिटांचं काम."

"तुला वाचता येते ना मराठी?"

"वाचता येते, मॅडम. आजी होती तोवर बोलत पण होतो. आता घरी मुलं हिंदीतच बोलतात, तर..." पुढचं त्याने हातानेच सांगितलं. अंगठा भराभर सरकत राहिला. सरांचं नाव गेलं, त्याचं आलं. खाली मंजुरीचं बटन उजळलं. "चलो, झालं समजा."

विनताताईंनी आत जाऊन गॅस बंद केला. जेवणाच्या टेबलाजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा साचला होता. तो उचलून त्यांनी खाली ठेवला आणि खुर्ची पदराने पुसली.

"श्रीकांत," त्या म्हणाल्या, "दाबायच्या आधी एकदा वाच. इथे बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत."