निरोपाच्या सामन्यातला गोल

गौतम शेलार सरांना मी प्रथम पाहिले ते न्हावऱ्याच्या एसटी थांब्यावर. नव्वदचे दशक संपत आले होते. कोलकात्याच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या बचावफळीत काही वर्षे खेळत असलेले सर सुट्टीवर गावी आले होते. कंडक्टरने घंटी दिली तरी गाडी हलेना. ड्रायव्हरच खाली उतरून सरांशी बोलत उभे होते. आतून एक मावशी ओरडल्या, "आरं, गाडी सोडतुस का न्हाई?"

"मावशी, ह्यान्ला वलांडून बॉल जात न्हाई, माझी यष्टी कशी जाईल?"

व्यावसायिक संघ सोडल्यानंतर सरांनी दौंडला आम्हा मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली. ते खेळू लागले की मी थक्क होऊन पाहत राही. चेंडूसाठी ते कधी जमिनीवर घसरत नसत. चेंडू जिथे येणार, तिथे ते आधीच उभे असत. सामना संपला तरी त्यांच्या पांढऱ्या हाफपँटवर मातीचा डाग नसे. ते म्हणत, "बचाव निम्मा पायानं, निम्मा तोंडानं. एकमेकांचं डोळं व्हा. वरडत ऱ्हावा."

नेमके तेच मला जमत नसे. माझे पहिले शिक्षण घरीच, आजोबांपाशी झाले. मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, हा आबांचा पहिला धडा.

सहा वर्षांपूर्वी सरांचा निरोपाचा सामना झाला. मांडवगण, भांडगावहून ट्रॅक्टर भरभरून लोक आले होते. सरांनी हट्टाने मला आपल्या डाव्या बाजूला बचावात घेतले. बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला समोरचा एक खेळाडू सरांच्या पाठीमागून आत शिरला. सरांना तो दिसत नव्हता, मला दिसला. मी "सर" एवढेच म्हणाले, तेही ओठांतल्या ओठांत. गोल झाला.

"वय झालं आता," लोक हळहळले. सर ज्याला त्याला सांगत होते, "मला दिसलाच न्हाई बघा."

खरे काय ते मी कुणालाच सांगितले नाही. आता सरांच्या पन्नाशीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा ही गोष्ट लपवून त्यांची स्तुती लिहायला हात धजेना. मी थेट सरांच्या घरी गेले.

"सर, तो गोल माझ्यामुळे झाला. लिहू का?"

"म्हाईत हाय मला. तुझं 'सर' ऐकलं हुतं म्या. वळूस्तवर बॉल जाळीत."

"मग लोकांना का नाही सांगितलंत?"

"आगं, मी चाललोच हुतो, तुला आजून खेळायचं हुतं. मग बचाव कुणाचा करायचा? लिही खुशाल. फकस्त आबांस्नी बोल लावू नगं, त्यांनी चांगलंच शिकिवलंय."

इतकी वर्षे मी त्यांच्या आडोशाला होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पन्नाशीच्या सोहळ्याला मी शेवटच्या रांगेत बसणार आहे. आबा शेजारी असतील. तरीही सर मंचावर आले की मी उभी राहून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडणार आहे : "सर, शंभर वर्षं ठणठणीत राहा! मागे लक्ष आहे माझं!"