चुलीवरच्या फळीवरची डिस्क

माझ्या धाकट्या भावाचा कॉम्प्युटर जोयड्याच्या जंगलात, कुंभारवाडा गावाकडच्या आमच्या घरात चुलीवरच्या फळीवर ठेवलेला आहे, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पावसाळ्यात आमच्या सोप्यातल्या भिंतीला हात लावला तर बोटं ओली होतात, चपलांना बुरशी येते. चार महिने कोरडी राहणारी जागा घरात एकच. बियाणं तिथं, मीठ तिथं, आमसुलं तिथं. भाऊ अणशीच्या घाटात मोटारसायकल घसरून गेला आणि त्यानंतर आईनं त्याचा कॉम्प्युटरही तिथंच नेऊन ठेवला.

भाऊ गावातल्या लग्नांचे, दसऱ्याचे व्हिडिओ काढायचा. ते सगळं त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होतं, आणि त्याचा आवाजही, कारण कॅमेऱ्यामागून अखंड बडबड करायची त्याला खोड होती. मी बेळगावात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. तो गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर सगळ्याची नक्कल करून घेतली आणि आईला लावून दाखवली. तिनं शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाली, "ही नक्कल न्हवं? तो त्या पेटीत हाय." पेटी बंद करायची नाही, तिचा हिरवा दिवा दिसला पाहिजे, एवढंच तिचं मागणं. मी वाद घातला, चिडले, शेवटी हरले.

शेजारच्या होमस्टेवाल्या काकांच्या इंटरनेटची एक वायर घेतली, इन्व्हर्टरही त्यांचाच, आणि कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चढवला. ओपन सोर्स, म्हणजे कुठल्यातरी अनोळखी माणसांनी लिहून, त्याच्या आतलं सगळं उघडं ठेवून जगाला फुकट दिलेला. तो डिस्कची नाडी धरून बसतो. किती गरम झाली, किती जागा खराब झाल्या, आता किती काळ काढेल, ते सगळं माझ्या फोनवर येत राहतं.

खरं सांगायचं तर डिस्कशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मी बघायची ते तापमान. उजाडताना आई चूल पेटवायची आणि तिशीतला आकडा पन्नाशीकडे चढायला लागायचा. इकडे बेळगावात मी दात घासत असायची आणि मला कळायचं, हिनं चहाचं आधण ठेवलं. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. आईचा फोन यायचा तो आठवड्यातून एखादा, टेकाडावर चढून केलेला. बाकी दिवस तो आकडाच माझ्याशी बोलायचा.

श्रावणाच्या तोंडावर प्रोग्रामनं इशारे द्यायला सुरुवात केली. खराब जागा वाढत चालल्या होत्या, डिस्क फार काळ टिकणार नव्हती. आईचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं.

"कशानं व्हतंय गे बाय?"

"जुनी झाली ती. त्यात चुलीची धग लागते, गरमीचा आकडा पन्नाशीला जातो."

"मग आकडा कितीवर बरा?"

"तिशीच्या आसपास राहिला तर बरं. सोप्यात ठेव की."

"सोप्यात ओल हाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात एका सकाळी आकडा चढलाच नाही. मी डबा भरला, पुन्हा बघितलं. तीस. लाकडं भिजली असतील, म्हटलं. दुपारी तीस, संध्याकाळी तीस. काकांना फोन लावला तर बंद. पावसाळ्यात पाहुणे नसतात, ते इंटरनेट तेवढं चालू ठेवून कारवारला मुलीकडे जाऊन राहतात. दुसऱ्या सकाळीही तीस, आणि वर प्रोग्रामचा हिरवा शेरा: इशारा नाही, नवी खराब जागा नाही, तब्येत ठीक. त्या हिरव्या अक्षरांचा मला असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. कुणाची तब्येत ठीक? आमच्या घरात चूल पेटवणारं एकच माणूस उरलं होतं.

रामनगरवरून जोयड्याला जाणारी बस पकडली. वाटभर फोन हातात. रामनगर सुटलं, रेंज गेली आणि स्क्रीनवर शेवटचा तीस तसाच राहिला. घसरून पडली असेल. सापाचं पान लागलं असेल. हाक मारत असेल आणि ऐकायला कुणी नसेल. एक गेला, आता हिलापण नेतोस काय, म्हणून मी देवाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण आजारी हाय काय?" मी तिला फोनवरचा तीस दाखवला. जोयड्यात पुढची बस नव्हती. एका टेम्पोवाल्याच्या अक्षरशः पाया पडले. कुंभारवाड्यापासून पुढची वाट चिखलातून धावतच काढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. चूल थंडगार, राख दमट होऊन बसलेली. आई चुलीशेजारी दोन वाकळा पांघरून मुटकुळं करून पडली होती. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि दात मात्र वाजत होते. उशाशी वाडग्यात भिजवलेले पोहे, अर्धे तसेच. वर फळीवर हिरवा दिवा चालू होता.

"आई! आई गं!"

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं.

"आकडा उतरला न्हवं?" ती म्हणाली. "चूल पेटवलीच न्हाई मी."

रडू की हिला झोडपू, कळेना. उठून आधी पेटी खाली काढायला गेले, तर "नको गे, ओल लागंल, मरंल तो," म्हणत ती उठायला लागली आणि तिथंच कोसळली. मी पेटी सोडली. फळीखालच्या कोरड्या काटक्या ओढल्या आणि चूल पेटवली.

"इझव गे बाय. त्याला धग लागतीय."

"लागू दे."

"अगे, तुझा भाऊ हाय त्यो."

"आणि तू माझी आई हायस!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते.

फोननं काकांचं वायफाय पकडलं आणि तो वाजायला लागला. चाळीस. मग पंचेचाळीस. मग इशारा. मी फोन उपडा ठेवला आणि आणखी एक लाकूड आत सारलं. आई रडत होती, मला नको नको ते बोलत होती. बोलता बोलता तिचे हात वाकळेतून बाहेर आले आणि जाळाकडे सरकले. फोन वाजतच होता. मी चहाचं आधण ठेवलं.