आत्याने पाहिलेला डोंगर

माझी आत्या खोटं बोलत नव्हती. हे एवढंच मला चावडीवर, गावासमोर बोलायचं होतं. मी बोललो नाही. आता ती नाही, तेव्हा चावडीवर बसलेलेही बहुतेक नाहीत. तरी लिहून ठेवतो आहे. कुणी काही अचाट सांगू लागलं की गावातली पोरं अजून म्हणतात, "दिसला का समुद्राच्या पार डोंगर?" आणि हसतात. तो डोंगर कुणी पाहिला होता, हे त्या पोरांना ठाऊकही नाही.

आमचं गाव अकोल्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, पूर्णेच्या काठी. जमीन काळी, कापसाला उत्तम, पण पाण्याच्या नावानं शिमगा. विहीर खणावी तर मचूळ पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात गोड पाण्याची विहीर एकच. ती माळ्याच्या मळ्याच्या कडेला होती आणि त्या पाण्यावर त्यांची वांगी, मिरच्या आणि झेंडू चालायचा.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कुंकू लावण्याचं वय होण्याआधीच ते पुसलं गेलं, आणि ती माहेरी परतली ती कायमची. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आजोबा तिला लहानपणी शेतावर सोबत नेत, त्यामुळे गावशिवारातला प्रत्येक धुरा तिला पाठ होता. कुठल्या शेताची हद्द कुठल्या बाभळीपासून वळते, पुरात कुठला बांध वाहून गेला आणि नवा किती पावलं सरकून घातला गेला, हे तिला विचारावं. तंटा झाला की पाटील माणूस पाठवायचा, "आत्याबाईले बोलवा." ती यायची, चालत जायची, एका जागी उभी राहायची आणि म्हणायची, "इथून." दोन्ही पक्ष तेवढ्यावर घरी जात. बाईमाणसाच्या शब्दाला असं वजन मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग ती कापसाची वर्षं आली. दूर कुठल्याशा देशात लढाई लागली होती म्हणे, आणि त्यामुळे आमच्या बोंडांना सोन्याचे दिवस आले. रेल्वे अकोल्यापर्यंत आली. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो. अकोल्याच्या बाजारात मुंबईचा एक अडत्या होता, त्याच्याकडे माझी ऊठबस वाढली. त्याच्यासारखा लांब कोट मी शिवून घेतला. त्याच्याशी बोलताना "मले, तुले" तोंडातून जाऊ नये म्हणून आधी मनात वाक्य जुळवायचो.

वेचणी संपून शेतं उघडी पडली, तेव्हा चैत्रात आत्या एकदा जेवण वाढताना म्हणाली, "बापू, सारे काही ना काही मागून राह्यले तुले. म्या काही मागतलं नाही. एकडाव समुद्र दाखव."

"समुद्र काहून?"

"आपली पूर्णा कोठी जाते, ते पाह्यचं हाय."

मी कबूल केलं. कबूल करताना मला ते खरंच करायचं होतं, हे इथं नोंदवतो. त्याचा आता काही उपयोग नाही.

आम्ही चौघं निघालो. आत्या, माझी बायको, सात वर्षांची मुलगी आणि मी. दशम्या, लोणचं, कांदे, फिरकीचा तांब्या, अंथरुणाच्या वळकट्या. अकोल्याच्या फलाटावर तो अडत्या भेटला. तोही त्याच गाडीनं मुंबईला जाणार होता, वरच्या वर्गानं. त्यानं मला उतरायला स्वतःच्या घरी बोलावलं होतं; पण मी सगळ्यांना घेऊन येईन असं त्याला वाटलं नव्हतं. आत्याच्या अनवाणी पायांकडे आणि डोक्यावरच्या गाठोड्याकडे पाहून तो हसत म्हणाला, "काय हो, घरचं जातंही बरोबर घेतलंय की काय?" मग मला बाजूला नेऊन म्हणाला, "तुम्ही एकटे या. चार मोठ्या माणसांशी ओळख करून देतो. ही मंडळी घेऊन माझ्या बग्गीत कसं बसायचं, सांगा बरं?"

मी हसलो. माझ्या माणसांवर कुणी हसलं आणि मी त्याच्याबरोबर हसलो, ती ही पहिली वेळ.

घाटात बोगदे लागले. मुलगी डोळे घट्ट मिटून बसली. आत्या म्हणाली, "डोळे काहून मिटतं व? उघडे ठेवले तरी अंधारच हाय." बायको तोंडाला पदर लावून हसत होती. डबाभर माणसं आत्याशी बोलायला लागली. मी मात्र खिडकीबाहेर पाहत हिशेब बसवत होतो, यांना कुठं उतरवायचं.

ठाण्याला उतरवलं. "इथंच समुद्र हाय," मी म्हणालो. धर्मशाळेत जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खाडीवर नेलं.

भरतीची वेळ होती. पाणी काठोकाठ होतं आणि पुरातल्या पूर्णेपेक्षा रुंद. पलीकडे डोंगरांची निळी ओळ होती आणि तिच्यावरून सूर्य वर येत होता. होड्या होत्या, जाळी वाळत होती, उन्हाला आमच्याकडचा कोरडा चटका नव्हता, नुसता घाम निथळत होता. आत्या बराच वेळ उभी राहिली.

"हाच का रे?"

"हाच."

"आपली पूर्णा इथं येते?"

"इथंच येते." पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेकडे जाते, हे मला ठाऊक होतं.

तिनं हात जोडले. खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आपल्या हिरीचं पाणी याच्याच घरचं दिसते," ती म्हणाली. मुलगी हसून हसून वाळूत बसली.

जवळ एक कोळीण टोपली धूत होती. तिनं आत्याला हाक मारली, "आजे, तिकडं पाय रुततील. खाडीत उतरायचं तर इकडशी ये."

"काय म्हणे ते? खाडी?"

"इकडं समुद्राले खाडी म्हणतात," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला नक्की काही माहीत नव्हतं, पण मी कधी खोटं बोलतो हे माहीत होतं.

दुपारी ओहोटी लागली आणि काठापासून दूरवर चिखल उघडा पडला. आत्या कंबरेवर हात ठेवून उभी. "अव माय, समुद्र गेला कोठी?" कोळीण म्हणाली, "येल परत, कुठं जातोय." दोघी म्हाताऱ्या त्यावर इतक्या हसल्या की जुन्या मैत्रिणी वाटाव्यात.

त्या दुपारीच काम आहे सांगून मी मुंबईला गेलो. दोन दिवस अडत्याच्या घरी राहिलो. संध्याकाळी त्यानं बग्गीतून समुद्रावर नेलं. तिथं पलीकडे काहीच नव्हतं. डोंगर नाही, झाड नाही, नजर टेकायला जागाच नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आत्या इथं असायला हवी होती. अडत्यानं विचारलं, "कसा वाटला?" मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हणालो, "छान आहे."

परत आलो तर त्या तिघी माझ्याशिवाय आनंदात होत्या. मुलीनं शिंपल्यांची पुरचुंडी बांधली होती. बायकोला शहाळ्याचं वेड लागलं होतं. आत्यानं फिरकीच्या तांब्यात खाडीचं पाणी भरून घेतलं होतं, आणि कोळणीला आपल्याकडची दशमी शिकवून झाली होती. उन्हाळ्याची अशी सहल आमच्या घरानं त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

गावी आल्यावर आत्यानं मावंदं घातलं. काशीहून आल्यावर घालतात तसं. सगळं गाव जेवायला आलं. पंगती उठल्यावर तिनं तांब्या उघडला, प्रत्येकाच्या हातावर थेंब थेंब पाणी दिलं आणि समुद्र सांगू लागली. "सकायी येते, दुपारी निंघून जाते. निरा चिखल रायते मागं. अन् पार दिसते बरं का. पल्याड डोंगर हाय, थेट आपल्या गाविलगडासारखा."

गावात द्वारकेला जाऊन आलेला एकच माणूस होता, माळ्याच्या शेजारच्या शेताचा कास्तकार. तो खो खो हसला. "आत्याबाई, समुद्राले पार नसते. म्या बोटीत बसून पाह्यला. कोण्या तलावात बुडी मारून आल्या तुमी?"

मंडळी हसली. आत्या हसली नाही. तिला कुणी खोटं पाडण्याची सवय नव्हती. ती माझ्याकडे वळली. "बापू, सांग याले. डोंगर होता का नाही?"

मुलगी मध्येच म्हणाली, "होता न. म्या पाह्यला." मी तिच्यावर डोळे वटारले आणि बायकोनं तिला आत नेलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मुंबईचं वर्णन गावात आधीच करून बसलो होतो: बंदर, बग्गी, अथांग पाणी. आम्ही चौघांनी एकच समुद्र पाहिला असं गाव समजत होतं; डोंगर होता म्हणावं तर माझा मुंबईचा समुद्र खोटा पडत होता. आणि खरं सांगायचं तर हेही सांगावं लागत होतं, की मला माझ्या माणसांची लाज वाटली, म्हणून मी त्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं.

मी म्हणालो, "आत्याची नजर आता पयल्यासारखी नाही राह्यली. ढग असतीन ते."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं असं मला तेव्हाही वाटलं. कोळणीचा शब्द, माझं दोन दिवस जाणं, सगळं. ती मला तिथंच उघडा पाडू शकली असती. तांब्याची फिरकी लावत ती म्हणाली, "असंन बाप्पा. मायी नजर फिरली असंन." माझी अब्रू तिनं अशी राखली.

त्याच हिवाळ्यात सरकारी मोजणी आली. शेताशेतांच्या हद्दीवर दगड रोवायचे होते. माळी आणि तो द्वारकेचा कास्तकार यांच्यामधला धुरा आदल्या पुरात वाहून गेला होता. कास्तकार म्हणाला, धुरा विहिरीच्या पलीकडून होता, म्हणजे विहीर माझी. माळी तापानं अंथरुणाला खिळलेला. त्याची बायको चावडीवर आली. ती फक्त एवढंच म्हणाली, "आत्याबाईले इचारा."

आत्या आली. तिनं सांगितलं, "हिर खणली तवा मी आठ वर्साची होती. इच्या सासऱ्यानं खणली, आपल्या वावरात. धुरा हिरीपासून अकरा पावलं खाली होता. चला, दाखवतो मी."

कास्तकार उठला. पंचांना म्हणाला, "ज्या बाईले समुद्राच्या पार डोंगर दिसते, तिच्या नजरेनं दगड रोवता का? तिची नजर गेली, हे तिनंच कबूल केलं सगळ्या गावासमोर. तिच्या भाच्यानं सांगतलं."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. पाटलानं खाली मान घातली.

आत्या शांतपणे म्हणाली, "मायी नजर साबूत हाय. मले जे दाखवलं ते म्या पाह्यलं." आणि माझ्याकडे वळली. मी चावडीच्या खांबाला टेकून उभा होतो, तोच लांब कोट घालून. माळीण माझ्याकडे पाहत होती. आत्या म्हणाली, "बापू, आता सांग."

तिनं समुद्राबद्दल विचारलं नव्हतं. विहिरीबद्दलही नाही. आता सांग, एवढंच. मला दोन वाक्यं पुरली असती: ती खाडी होती, डोंगर होता. मी ती मनात जुळवली, पण तोंड उघडलं नाही. थोडा वेळ वाट पाहून पंच दुसऱ्या कामाकडे वळले. दगड विहिरीच्या पलीकडे रोवला गेला.

गोड पाणी गेलं तसा मळा दोन उन्हाळ्यांत वाळला. माळ्याचं कुटुंब गाव सोडून नांदगाव खंडेश्वराकडे गेलं, असं ऐकलं. आत्याला त्यानंतर कुणी धुरा विचारायला बोलावलं नाही. घरात राहूनच तिनं आपली चूल वेगळी मांडली. मुलीशी, बायकोशी नेहमीसारखी बोलायची. माझ्याशी भांडली नाही, रडली नाही.

पुढच्या चैत्रात मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. म्हणालो, "आत्या, चाल, यंदा खरा समुद्र दाखवतो तुले. मुंबईले. आपण सारेच जाऊ."

ती भाकर थापत होती. हात थांबला नाही. "समुद्र नाही पाह्यला म्हणून कोणी मरत नाही, बापू. तो पाह्यच्या आधीच मी साठ वर्सं जगली. पण तू मले खोटं ठरोलं. अन् त्यापायी त्या माळणीचं पाणी गेलं."

"चुकलं माहं."

"मंग हे मले काहून सांगून राह्यला? चावडीवर जाऊन सांग."

मी उठलो. चावडीच्या वाटेवर निम्म्यापर्यंत गेलोही. वाटेत तो कास्तकार भेटला, रामराम झाला, कापसाच्या गोष्टी निघाल्या, आणि मी त्याच्यासोबत परत फिरलो. आत्या दारात उभी होती. आम्हा दोघांना बोलत येताना तिनं पाहिलं आणि आत गेली. त्यानंतर सहा वर्षं ती जगली. मला तिनं बापू म्हणून हाक मारली नाही.

म्हणून हे लिहितो आहे, आणि लिहून झालं की मुलीला ते चावडीवर वाचून दाखवायला सांगणार आहे. तीही आता नातवंडांची आजी आहे. ठाण्याच्या खाडीपलीकडे डोंगर आहे. माझ्या आत्यानं तो पाहिला, माझ्या मुलीनं पाहिला आणि मीही पाहिला. पूर्णाकाठची ती गोड विहीर माळ्याची होती. धुरा तिच्यापासून अकरा पावलं खाली होता. तो दगड खोटा आहे.