शनिवारच्या वेण्या

आटपाडीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आईने माझ्या हातावर दही ठेवलं. "पोरीला घिऊनच ये," म्हणाली, "मी शेंगा भाजून ठिवते." तिला वाटलं, बाप आणायला गेला की लेक उठून येईल. मी होय म्हणून खिडकीत बसलो.

आई, तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहितोय. दारू पिऊन चालवलेल्या माझ्या ट्रकखाली माणूस गेला, मी शिक्षा भोगून आलो, हे गावाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. अनन्या आता कामोठ्याला तिच्या आईसोबत आजोळी असते. कोर्टाने मला ती एका शनिवाराआड तासभर दिलीय, तीही कोर्टातल्याच एका खोलीत, देखरेखीला बसवलेल्या मॅडमसमोर. मॅडम वाईट नाहीत. पण मी हसलो तरी मान वर करतात आणि गप्प बसलो तरी करतात.

तिच्या जवळ राहावं म्हणून करंजाड्यात खोली घेतलीय. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुसऱ्यांच्या गाड्या भरून देतो. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आलो नाही म्हणून तू रडलीस, पण तो भेटीचा शनिवार होता. एक चुकला तर बापाला ओढच नाही असं ठरेल, वकील सांगतात. जेलमध्ये निदान सुटायची तारीख ठाऊक होती.

पहिल्या भेटीत अनन्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या वेणीचं रबर निसटलं आणि मी पुढे झालो. माल आवळून आवळून तयार झालेले हात माझे, वेणी तशीच आवळली. "पप्पा, दुखतंय ना!" ती ओरडली आणि हसली. तेव्हापासून ती येताना कंगवा आणते. शाळेतलं, सोसायटीतलं सगळं मला पाठमोरी बसूनच सांगते. समोर बसवलं की गप्प.

मागच्या शनिवारी मात्र तास संपत आला तशी तिने मी घातलेल्या दोन वेण्यांपैकी एकीचं रबर स्वतःच ओढलं.

"पप्पा, सोडते हां. आजी खाली थांबलीये. ती बोलली, त्याचा हात लागलेले केस घेऊन घरात यायचं नाही. मग बाथरूममध्ये नेऊन डोक्यावरून पाणी ओतते. खूप थंड असतं."

मयताला जाऊन आल्यावर आपण घेतो ना, तशी आंघोळ. माझ्या जिवंतपणी माझ्या लेकीला.

मॅडम समोरच होत्या, सांगता आलं असतं. पण मग नोटिसा, भांडणं, आणि रात्री पोर झोपणार त्याच आजीच्या घरात. दुसरी वेणी मीच सोडली, केस विंचरले आणि येताना आजीने बांधला होता तसा पोनी बांधून दिला. अनन्याने मागे हात फिरवून बघितलं. "सेम झालाय," म्हणाली, आणि खूश होऊन गेली.

आई, तू ज्याला घर म्हणतेस ते मला इथे तासभर मिळतं. उठताना त्याची एकही खूण लेकीच्या डोक्यावर राहू द्यायची नाही, एवढंच आता मी शिकतोय.