नासकं पान आणि निनावी पत्रक

वसंतअण्णा गेल्याचा त्यांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी सुभाष रोडवरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "तुझे अण्णा गेले गं... बसल्या जागी," एवढंच त्या म्हणाल्या. मी धारवाडहून हुबळीची बस धरली. वाटेत रडू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं एक पत्रक तेवढं आठवत राहिलं.

अण्णा आमचे शेजारी. जुन्या हुबळीतल्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लोकांनी टाकून दिलेली मशिनं आणायची, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायची आणि ज्यांना नवं परवडत नाही त्यांना द्यायची, हा त्यांचा उद्योग. मेमरीची पट्टी सदोष निघाली तरी ते फेकत नसत. दिवसभर तपासणी लावून तिच्यातली नेमकी बिघडलेली जागा हुडकत. "सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसलेला असतो," ते सांगायचे. "तो मेमरीची बारीक बारीक पानं पाडतो, लाखांनी. प्रत्येक पानाची खबर त्याला असते. मोठ्या मशिनात मेमरी स्वतःच ओरडते, इथं चुकतंय म्हणून. मग तो त्या पानावर खूण करतो, वाचता येतंय तोवर मजकूर दुसऱ्या पानावर हलवतो, आणि ते नासकं पान परत कुणाला देत नाही. आपल्या साध्या मशिनला ओरडता येत नाही. म्हणून कुठली पानं वगळायची ते चालू होतानाच मी त्याला सांगून ठेवतो."

"आणि मजकूर वाचताच आला नाही तर?"

"तर तो ज्याचा होता तेवढा एक प्रोग्रॅम बंद करतो. सगळं मशीन कशाला पाडायचं गं?"

हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडजवळच्या एका वाचनालयाला अण्णांनी अशी सहा मशिनं दिली होती. मी तिथं मुलींना अर्ज भरायला शिकवायचे. एकदा एका मुलीचा भरलेला अर्ज डोळ्यांदेखत विस्कटला, अक्षरांच्या जागी भलतंच काही. अण्णा आले, तपासलं आणि म्हणाले, "नवं पान गेलंय. वगळतो." तेव्हा मला कळलं की सहाही मशिनांत सदोष मेमरी आहे आणि वाचनालयाच्या समितीला त्यांनी ते सांगितलेलंच नाही. सांगायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. पण मी त्यांना विचारायला गेले नाही. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं : गरिबांच्या मुलींना नासकी मशिनं! त्यात अण्णांचं नाव होतं, दुकानाचं नाव होतं. पाच मशिनं बिनतक्रार चालली होती, हे नव्हतं. खाली सही नव्हती. पत्रकाला सही नसते, मुद्दा बोलतो, माणूस नाही... लहानपणी चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी हेच शिकले होते.

आठवड्यात समितीनं मशिनं काढली. अण्णा पत्रक घेऊन माझ्याकडं आले.

"काय तंगी, भाषा झकास आहे की तुझी." धाकट्या बहिणीला कानडीत म्हणतात तसं ते मला तंगी म्हणायचे.

मी म्हटलं, "अण्णा, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"असू दे की. सांगितलं नाही, ते चुकलंच माझं. पण तत्त्वाला नाव नसतं तर माझं कशाला घातलंस?"

एवढं बोलून हसले आणि गेले. त्यानंतर गल्लीतली माणसंसुद्धा मशिनं दुसरीकडं नेऊ लागली. पत्रक कुणाचं, हे अण्णांनी कुणालाही सांगितलं नाही. खुलासा छापायला मला एक दुपार पुरली असती. ती दुपार मी दोन वर्षांत काढली नाही.

तेराव्यानंतर दुकानात गेले. वहिनी परत आलेल्या सहांपैकी एका मशिनवर त्यांच्या भजनी मंडळाची यादी लिहीत होत्या. "एकदा बंद पडलं नाही बघ," त्या म्हणाल्या. मग हात थांबले. "असं कुणी लिहिलं असेल गं? यांनी काय वाईट केलं होतं त्याचं? शेवटपर्यंत विचारत होते मी, पण हे गप्पच."

"मी लिहिलं, वहिनी."

त्यांनी यादी बंद केली. मग उठल्या, अण्णांची खुर्ची त्या मशिनपुढं ओढली आणि म्हणाल्या, "बस. सगळं लिही. तुझ्या नावानं."

तिथंच बसून हे लिहिते आहे. या मशिनच्या मेमरीतली तीन पानं अण्णांनी वगळली आहेत, माझं एकही अक्षर त्यांवर पडणार नाही. वहिनी मागं बसल्या आहेत. प्रत्येक ओळ वाचताहेत.