निनावी फंक्शनला बोलवायचं कसं

अमरावतीच्या एका कॉलेजात आम्हा प्राध्यापकांसाठी जावा या संगणकभाषेचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय लॅम्बडा एक्स्प्रेशन. जगात ते केव्हाच जुनं झालं होतं, पण आमच्या अभ्यासक्रमात नुकतंच शिरलं होतं, म्हणजे नवीनच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि परस्परांची स्तुती यांत सकाळ गेली. उरलासुरला वेळ ज्ञानाला मिळाला.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ सरांनी स्लाइड वाचून दाखवल्या. आम्हालाही वाचता येतं, हे त्यांना कुणी कळवलं नसावं. लॅम्बडा म्हणजे निनावी फंक्शन, प्रोग्रॅममधला नाव नसलेला कामाचा तुकडा, असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या तेल्हाऱ्याच्या मॅडमनी हात वर केला.

"सर, त्याले नावच नाही, तं बोलवाचं कसं?"

मॅडमचा पायाच कच्चा आहे, असं निदान करून सर पुढच्या स्लाइडवर गेले. सभागृह हसलं, उत्तर कुणालाच येत नसल्यामुळे जरा जास्तच हसलं.

जेवणानंतर मॅडम दिसल्या नाहीत. शोधत गेलो, तर लॅबमध्ये एकट्याच बसून विद्यार्थिनींच्या नावांची यादी छापायच्या खटपटीत होत्या. चेहरा उतरलेला होता. मी शेजारची खुर्ची ओढली. स्क्रीनवर बराच वेळ लाल चुकाच उमटत राहिल्या. मग त्या एकदम थांबल्या.

"आपन त्याले बोलवतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आपन ते यादीच्या हाती देऊन राहिलो. एकेक नाव आलं का यादीच त्याले बोलवते."

त्यानंतर सरांच्या पुढच्या स्लाइडवरचा मेथड रेफरन्सही सुटला. लॅम्बडा आलेलं नाव जसंच्या तसं छापणाऱ्या मेथडकडे, म्हणजे आधीच नाव असलेल्या फंक्शनकडे, सरकवत असेल, तर हा मधला दलाल हवाच कशाला? दोन विसर्ग शेजारी ठेवून थेट त्या मेथडचंच नाव सांगायचं. मात्र प्रत्येक नावाआधी 'कुमारी' लावायचं ठरवलं, तेव्हा दलालाला परत बोलवावं लागलं. मॅडम दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

समारोपात त्यांनी हेच सगळं वऱ्हाडीत सांगितलं. "मी सकाळपासून हेच म्हणत होतो," असं सांगून सरांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहानेही वाजवल्या, नेमक्या कुणासाठी, ते कळलं नाही.

पुढे अकोल्याला त्याच सरांचं व्याख्यान झालं. स्लाइडवर मॅडमचं उदाहरण होतं, अर्थात मॅडमचा उल्लेख वगळून. मी संतापून मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चला," त्या म्हणाल्या, "सरायले समजलं म्हनाचं."