लपवलेली ट्रॉफी

गंभीर निवेदन: आमच्या पेठेत एक इंग्रजी शब्द शिरला आहे, सावध राहा. तो आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या मॅनेजरांनी ऐकला. मागे एका स्पर्धेची खबर कुणी दिली नाही आणि संघाची एंट्री हुकली. तेव्हापासून त्यांना सगळ्यांचाच संशय. कुणी दोघं हळू बोलू लागले, की मॅनेजर बुटाची नाडी बांधायला शेजारी वाकतात. पायात कोल्हापुरी चप्पल असते.

परवा आम्ही सात गोलांनी हरलो. इंग्रजीच्या मास्तरांनी सत्यानाशासाठीचा भारदस्त शब्द माझ्या कानात सांगितला, "कॅटॅस्ट्रॉफी!"

वाकलेले मॅनेजर ताडकन उठले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "मास्तर, आमच्यापासनं लपवताय व्हय? कुणाला बी इचारा, ती ट्रॉफी आमचीच हाय!"